श्रद्धा आणि मानसशास्त्र : प्राध्यापकीय कारकिर्दीत दोन्हींचा मेळ कसा घालावा?

मनोवाट :

नमस्कार. मी अमेरिकेत सामाजिक मानसशास्त्रातील डॉक्टरेटच्या अखेरच्या टप्प्यात असून सध्या प्राध्यापकपदांसाठी अर्ज करीत आहे. माझा संशोधनविषय क्षमाशीलता हा आहे. जवळच्या माणसाने दुखावल्यानंतर मनातील कटुता कशी ओसरते, आणि काहींच्या बाबतीत ती मुळीच का ओसरत नाही, हे मी तपासते. मी ख्रिस्ती आहे. हा विषय मी निवडला यामागे माझ्या श्रद्धेचा मोठा वाटा आहे.

दोन अर्ज शेजारी ठेवल्यावर माझा गोंधळ झाला आहे. एका ख्रिस्ती महाविद्यालयाने श्रद्धा आणि विद्याशाखा यांचा मेळ मी अध्यापनात व संशोधनात कसा घालते यावर सविस्तर निबंध मागितला आहे. दुसरा अर्ज एका राज्य विद्यापीठाचा, म्हणजे सरकारी विद्यापीठाचा, आहे, आणि तेथे श्रद्धेचा उल्लेखही करू नये असे माझ्या मार्गदर्शकांनी सुचविले आहे. त्या स्वतः श्रद्धावान नाहीत, परंतु त्यांचा सल्ला माझ्या हितासाठीच आहे याबद्दल मला शंका नाही.

मला पुढील गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हा ‘मेळ’ प्रत्यक्ष वर्गात आणि प्रत्यक्ष संशोधनात कसा दिसतो? तासाच्या आरंभी प्रार्थना करणे आणि व्याख्यानात बायबलमधील एखादे वचन सांगणे एवढ्यापुरताच तो असेल, तर मला त्यावर निबंध लिहिता येणार नाही. ख्रिस्ती संस्थेत काम केल्यास पुढे माझे संशोधन दुय्यम मानले जाईल काय? आणि राज्य विद्यापीठात गेल्यास माझ्या आयुष्याचा हा भाग कायमचा झाकून ठेवावा लागेल काय?

जुना फळा :

मनोवाट, आपण विचारलेला प्रश्न मी अनेक वर्षे एका ख्रिस्ती महाविद्यालयात मानसशास्त्र शिकविताना स्वतःला विचारत आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, तो आधी पाहावा. ‘ख्रिश्चन असोसिएशन फॉर सायकॉलॉजिकल स्टडीज’ ही संघटना १९५६ साली स्थापन झाली. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील फुलर सेमिनरीने १९६५ मध्ये मानसशास्त्राचे पदव्युत्तर विद्यालय सुरू केले. पाळक घडविणाऱ्या संस्थेच्या आवारातच रुग्णांवर उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ घडवावेत, ही कल्पना त्या काळी दोन्ही बाजूंना खटकणारी होती. १९७० मध्ये मानसशास्त्राचे रोझमीड विद्यालय सुरू झाले. पुढे ते बायोला या ख्रिस्ती विद्यापीठाचा भाग बनले आणि त्याच वर्तुळातून १९७३ पासून ‘जर्नल ऑफ सायकॉलॉजी अँड थिऑलॉजी’ हे नियतकालिक निघू लागले. त्यामुळे आपण निबंध लिहायला बसाल तेव्हा निम्म्याहून अधिक शतकाची चर्चा आपल्यामागे उभी असेल, आणि ती चर्चा एकमताची मुळीच नाही.

एका मतानुसार मानसशास्त्र आणि ईश्वरविज्ञान हे एकाच वास्तवाकडे वेगवेगळ्या पातळ्यांवरून पाहतात. प्रत्येकाने आपली पातळी सांभाळावी आणि दुसऱ्याच्या भाषेत आपली उत्तरे देऊ नयेत. मिशिगनमधील होप कॉलेजचे डेव्हिड मायर्स यांची भूमिका साधारण अशी आहे. ते उघडपणे श्रद्धावान आहेत आणि त्यांची मानसशास्त्राची पाठ्यपुस्तके श्रद्धावान नसलेले असंख्य प्राध्यापक आपल्या वर्गांत वापरतात. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे काही अंशी उत्तर येथेच मिळते. दुसऱ्या मतानुसार एवढी विभागणी पुरेशी नाही, कारण माणूस कोण आहे आणि त्याचे भले कशात आहे याविषयीची गृहीतके मानसशास्त्राच्या सिद्धांतांतच मुरलेली असतात आणि ती तपासावीच लागतात. मी स्वतः या दोहोंच्या मधे उभा आहे. प्रयोगाची मांडणी आणि आकडेमोड यांत श्रद्धेला जागा नाही असे मी मानतो. परंतु कोणता प्रश्न विचारावा आणि मिळालेल्या उत्तराचा माणसाच्या जगण्याशी काय संबंध जोडावा, येथे तिला टाळता येत नाही.

वर्गातील एक उदाहरण देतो. डार्ली आणि बॅटसन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आपल्याला ठाऊक असेलच. प्रिन्स्टन येथील सेमिनरीच्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत बोलण्यासाठी पाठविले गेले. काहींना चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाच्या येशूने सांगितलेल्या गोष्टीवर, बोलायचे होते, तर काहींना अगदी वेगळ्या विषयावर. वाटेत एक माणूस दारापाशी कण्हत बसलेला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के जण मदतीला थांबले आणि ज्यांना फार घाई होती त्यांच्यापैकी अवघे १० टक्के. ही गोष्ट ख्रिस्ती महाविद्यालयात ऐकविली की वर्ग गंभीर होतो, कारण समोर बसलेल्या मुलामुलींना त्या सेमिनरीतील विद्यार्थ्यांच्या जागी स्वतःला पाहता येते.

माझ्या मते मेळ खरा सुरू होतो तो याच्या पुढच्या टप्प्यावर. दाखल्यावर बोलायला निघालेल्यांपैकी ५३ टक्के थांबले आणि दुसऱ्या विषयावर बोलणाऱ्यांपैकी २९ टक्के. हे आकडे पाहून वर्गातील कोणीतरी लगेच म्हणते की, म्हणजे वचनाचा परिणाम झालाच. तेव्हा शिक्षकाने सांगावे लागते की एवढ्या लहान नमुन्यात हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थ ठरला नाही, म्हणजे तो केवळ योगायोगानेही पडलेला असू शकतो, म्हणून आपल्याला तसे म्हणण्याचा अधिकार नाही. जो निष्कर्ष आपल्याला हवासा वाटतो, त्याच्याबाबत अधिक कठोर राहायला शिकविणे हे खरे बोलण्याच्या आज्ञेचेच पालन आहे. माझ्या अध्यापनात श्रद्धा कोठे होती असे कोणी विचारले तर मी वचनांच्या उल्लेखांपेक्षा अशा तासांकडे बोट दाखवीन.

वचनाधार :

जुना फळा यांच्या विवेचनाबद्दल आदर आहे, तथापि मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. मी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, समुपदेशनाचे काम करतो आणि मानसशास्त्राची पदवीही मी घेतलेली आहे, त्यामुळे बाहेरून टीका करतो आहे असे कृपया समजू नये.

श्रद्धा केवळ प्रश्नांच्या निवडीत असावी आणि पद्धत तटस्थ असावी, ही विभागणी दिसते तितकी सरळ नाही. क्षमेचेच पाहा. मानसशास्त्रीय संशोधनात क्षमा बहुधा क्षमा करणाऱ्याच्या हितावरून मोजली जाते : चिंता कमी झाली का, खिन्नता कमी झाली का, मनात तेच ते विचार घोळणे थांबले का. हे सारे मोलाचे आहे. परंतु पवित्र शास्त्रात क्षमा ही प्रथम देवाने माणसाला केलेल्या क्षमेतून येते आणि तिचे लक्ष्य तुटलेले नाते हे असते. मोजमापाची प्रश्नावली तयार करतानाच आपण क्षमेची एक व्याख्या स्वीकारतो आणि दुसरी बाजूला ठेवतो. मग पद्धत तटस्थ राहिली असे कसे म्हणावे?

अमेरिकन पाळक आणि लेखक जे अॅडम्स यांनी १९७० मध्ये मंडळीतील समुपदेशन मानसशास्त्राच्या हाती सोपविण्याविरुद्ध जोरदार भूमिका घेतली. त्यांची सर्व मते मला मान्य नाहीत; विशेषतः गंभीर मानसिक आजारांविषयीचा त्यांचा रोख मला धोक्याचा वाटतो. मात्र माणसाला पापी आणि तरीही देवाच्या प्रतिरूपाप्रमाणे घडविलेला असे पाहणारी दृष्टी, आणि माणसाला केवळ गरजा व प्रेरणा यांचा पुंज म्हणून पाहणारी दृष्टी, या दोन्ही एकाच वेळी धरता येत नाहीत, हा त्यांच्या पिढीचा मुद्दा ख्रिस्ती प्राध्यापकाने सहज बाजूला सारू नये. मनोवाट ताई, निबंधात आपण ‘क्षमा म्हणजे काय’ याची आपली स्वतःची व्याख्या लिहून काढली आणि ती आपल्या प्रश्नावलीशी कोठे जुळते व कोठे जुळत नाही हे प्रामाणिकपणे दाखविले, तर तो निबंध वाचण्यासारखा होईल.

साक्षीपुरावा :

मी श्रद्धावान नाही. एका राज्य विद्यापीठात संशोधन करते आणि धर्माचे मानसशास्त्र हा माझ्या अभ्यासाचा एक भाग आहे. आपल्या तिसऱ्या प्रश्नाविषयी मला लिहावेसे वाटले, कारण आपल्या मार्गदर्शकांचा सल्ला मला अर्धाच बरोबर वाटतो.

एव्हरेट वर्दिंग्टन यांचे नाव आपल्या संदर्भांत असणारच. त्यांनी आपली कारकीर्द व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात, म्हणजे राज्य विद्यापीठात घडविली आणि आपली ख्रिस्ती श्रद्धा कधी लपविली नाही. ते क्षमेवर आधीपासून संशोधन करीत होते. १९९६ च्या नववर्षाच्या सुमारास त्यांच्या आईची घरात शिरलेल्या चोराकडून हत्या झाली, आणि तो अनुभव व त्या मारेकऱ्याला क्षमा करण्याचा आपला प्रयत्न यांविषयी त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले. तरीही त्यांचे संशोधन आमच्यासारखे लोक मान्य करतात ते त्यांच्या अनुभवामुळे नव्हे. त्यांची ‘रीच’ ही पद्धत पाच पायऱ्यांची आहे : घाव आठवणे, दुखावणाऱ्याच्या जागी जाऊन पाहणे, क्षमा ही भेट म्हणून देणे, तिचा निश्चय करणे आणि मन पुन्हा कडवट झाले तरी तो टिकवणे. या पद्धतीची एक सर्वसाधारण आवृत्ती आहे आणि श्रद्धावान गटांसाठी एक ख्रिस्ती आवृत्तीही आहे, आणि दोन्हींची चाचणी घेतली गेली आहे. तिच्या कार्यपुस्तिकेची कोलंबिया, दक्षिण आफ्रिका, युक्रेन, इंडोनेशिया आणि हाँगकाँग येथे ४५९८ व्यक्तींवर यादृच्छिक चाचणी (कोण कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवून घेतलेली चाचणी) झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना पुस्तिका लगेच मिळाली त्यांच्यात, काही काळ थांबावे लागलेल्यांच्या तुलनेत, क्षमा न करण्याची वृत्ती कमी झालीच, शिवाय खिन्नतेची आणि चिंतेची लक्षणेही कमी झाली. हे निष्कर्ष मानण्यासाठी कोणालाही येशूवर विश्वास ठेवावा लागत नाही, आणि वर्दिंग्टन यांना ते मिळविण्यासाठी आपला विश्वास दूर ठेवावा लागला नाही.

वचनाधार यांचा व्याख्येविषयीचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यातून पद्धतच पक्षपाती ठरते असे मला वाटत नाही. व्याख्या उघडपणे मांडली, गृहीतक आधी नोंदविले, आणि आपल्याला नको असलेला निष्कर्ष आला तर तोही छापला, तर वाचकाला तपासता येते. या बाबतीत गॉर्डन ऑलपोर्ट यांचा आदर्श मला फार मोठा वाटतो. ते हार्वर्डचे प्राध्यापक होते आणि उपासनेला जाणारे ख्रिस्ती होते. उपासनेला जाणाऱ्यांमध्ये सरासरीने पूर्वग्रह अधिक आढळतो, ही श्रद्धावंतांना अवघड वाटणारी गोष्ट त्यांनी दडपली नाही. उलट तीच धरून त्यांनी आपले सहलेखक रॉस यांच्यासह १९६७ मध्ये दाखविले की धर्माचा उपयोग प्रतिष्ठेसाठी वा सुरक्षिततेसाठी करणारे आणि धर्म हेच जगण्याचे सूत्र मानणारे यांत फरक करावा लागतो, आणि पूर्वग्रह पहिल्या प्रकारच्या लोकांत अधिक दिसतो. हा फरक मोजण्याच्या त्यांच्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती योग्यही होती. तरी त्या विभागणीतून या क्षेत्रातील संशोधनाची एक अख्खी शाखा उभी राहिली. स्वतः श्रद्धावान असल्यामुळेच त्यांना हा फरक सुचला असावा, असे माझे मत आहे.

आता इशारा. राज्य विद्यापीठाच्या वर्गात बोलण्याला मर्यादा आहेत. अलाबामा विद्यापीठातील व्यायाम-शरीरक्रियाशास्त्राच्या एका प्राध्यापकाने वर्गात आपल्या श्रद्धेविषयी अधूनमधून बोलणे आणि विद्यार्थ्यांसाठी त्या विषयावर ऐच्छिक व्याख्यान ठेवणे, यावर विद्यापीठाने बंधने घातली. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये अपील न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. म्हणून अर्जात ‘माझी श्रद्धा माझ्या प्रश्नांना दिशा देते’ असे एक वाक्य असायला हरकत नाही. पण विद्यार्थ्याचे गुण ज्याच्या हातात आहेत त्याने वर्गात आपल्या श्रद्धेचा आग्रह धरू नये. ही केवळ कायद्याची बाब नाही. समोरच्या विद्यार्थ्याला मोकळेपणाने असहमत होता आले पाहिजे.

मनोवाट :

सर्वांचे मनापासून आभार. ऑलपोर्ट यांचा लेख मी वाचला होता, परंतु एका श्रद्धावान माणसाने लिहिलेला लेख म्हणून त्याकडे कधी पाहिले नव्हते.

आणखी एक विचारते. माझ्या अभ्यासात अशा काही स्त्रिया सहभागी होत्या ज्यांना त्यांच्या मंडळीने अत्याचार करणाऱ्या पतीला क्षमा करून परत जायला सांगितले होते. क्षमेचे लाभ दाखविणारे माझे आकडे उद्या कोणी अशाच सल्ल्यासाठी वापरले तर? शिवाय ख्रिस्ती महाविद्यालयात नेमणूक झाल्यास असे निष्कर्ष मांडण्याचे स्वातंत्र्य मला राहील का?

वचनाधार :

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण ही चूक आमच्या बाजूने होते. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात पेत्र हा शिष्य येशूला किती वेळा क्षमा करावी असे विचारतो, तो उतारा अशा वेळी हटकून ऐकविला जातो. परंतु त्याच अध्यायात, त्याच्या थोडे आधी, अपराध करणाऱ्याला त्याचा अपराध सांगावा, त्याने ऐकले नाही तर साक्षीदार न्यावेत, तरीही ऐकले नाही तर मंडळीपुढे मांडावे आणि शेवटी त्याच्यापासून दूर राहावे, असा क्रम दिलेला आहे. क्षमा आणि अपराधाला नाव देणे ही दोन्ही एकाच अध्यायात आहेत. जो पाळक पहिला अर्धा भाग गाळून दुसरा वाचतो तो शास्त्राशी प्रामाणिक नाही, आणि त्याच्या सल्ल्याने जीव धोक्यात येतो.

साक्षीपुरावा :

संशोधनाच्या बाजूनेही हेच म्हणता येते. क्षमा आणि समेट या वेगळ्या गोष्टी आहेत, हे या क्षेत्रातील बहुतेक संशोधक स्पष्टपणे मांडतात. वर्दिंग्टन हेही निश्चय करून केलेली क्षमा, भावनेतून येणारी क्षमा आणि प्रत्यक्ष समेट यांत भेद करतात; आणि समेटासाठी समोरच्याची विश्वासार्हता लागते. हा भेद लेखाच्या अखेरच्या परिच्छेदात न ठेवता सारांशातच घाला, कारण बाहेरचे वाचक बहुधा तेवढेच वाचतात. तसेच त्या स्त्रियांचा गट शक्य असल्यास वेगळा काढून त्यांचे निष्कर्ष स्वतंत्रपणे द्या. सरासरीत त्यांचा अनुभव हरवू देऊ नका.

जुना फळा :

स्वातंत्र्याविषयी मी सांगतो. अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेने १९४० मध्ये मान्य केलेल्या निवेदनात, संस्थेच्या धार्मिक उद्देशांमुळे अध्यापन-स्वातंत्र्यावर काही मर्यादा असतील तर त्या नेमणुकीच्या वेळीच लेखी व स्पष्ट सांगाव्यात, असे म्हटले आहे. ख्रिस्ती महाविद्यालये याबाबत एकसारखी नाहीत. काही संस्था श्रद्धाविधानावर, म्हणजे संस्थेच्या धार्मिक श्रद्धा मांडणाऱ्या निवेदनावर, सही घेतात आणि दरवर्षी ती नव्याने मागतात. काही केवळ संस्थेच्या ध्येयाला पाठिंबा अपेक्षितात, तर काहींत कायम नेमणुकीसाठी श्रद्धा आणि विद्याशाखा यांवरील दीर्घ निबंध परीक्षकांपुढे सादर करावा लागतो. आपला अर्ज यांपैकी कोणत्या प्रकारच्या संस्थेकडे आहे हे मुलाखतीआधी पाहावे. संशोधनाच्या दर्जाविषयी आपण विचारले होते; तेथे संस्थेच्या नावापेक्षा अध्यापनाचा भार अधिक निर्णायक ठरतो, कारण अशा बहुतेक महाविद्यालयांत संशोधनाला मिळणारा वेळ आणि हाताखालचे पदव्युत्तर विद्यार्थी दोन्ही कमी असतात.

मुलाखतीत नेमके उदाहरण देऊन विचारा. ‘मंडळीने दिलेल्या सल्ल्यामुळे स्त्रियांना हानी पोहोचली असे माझ्या आकड्यांतून दिसले आणि ते मी संस्थेच्या नावासह प्रसिद्ध केले, तर महाविद्यालय माझ्या पाठीशी उभे राहील का?’ अधिष्ठात्यांनी या प्रश्नाचे उत्तर तोंडी दिले तर ते नेमणूकपत्रात लिहून मागा. आणि ते लिहायला तयार नसतील तर राज्य विद्यापीठाचा अर्ज मागे घेऊ नका.